बठ्ठं काढ, मंग टाक

धुळे, २ नोव्हेंबर २०२५

प्रज्ञा,

अकरा ऑक्टोबर, शनिवार, दुपारचे सव्वातीन. माझं सगळं फिरलं ते त्या मिनिटाला. तोपर्यंत मी तुमच्या घरी चपला काढून सरळ स्वयंपाकघरात घुसणारा भूपेंद्र होतो. आता मी तू ब्लॉक केलेला एक नंबर आहे. मधे फक्त माझं एक बोट आहे, माउसवर ठेवलेलं.

फोन लागत नाही, मेसेजला एकच टिक येते, म्हणून पत्र. शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. तुमच्या जळगावातल्या मेहरूणचा पिनकोड पोस्टातल्या बाईंनी शोधून दिला आणि वर विचारलं, "अर्जंट शे का?" मी म्हटलं, अर्जंट होतं, आता नाही.

त्या दिवशी तू माझी बाजू ऐकून घेतली नाहीस. कुठून ऐकणार, मीच ओरडत होतो. म्हणून एकदा नीट सांगतो.

दसऱ्याच्या आधी तुम्ही सगळे नागपूरला निघाला होतात. काकू डबे भरत होत्या आणि तू घाईघाईत लॅपटॉपची बॅग माझ्या हातात दिलीस. विंडोज दहाच्या दुरुस्त्या आता बंद होणार, अकरा या जुन्या मशीनला झेपत नाही, तर तुझं ते लिनक्स टाकून दे एकदाचं, म्हणालीस. वर्षभर मीच तुझ्या मागे लागलो होतो. लॅपटॉपवर तुझी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती: 'बठ्ठं काढ, मंग टाक.'

बठ्ठं हा शब्द तुला मी शिकवला. तुम्ही जळगावात सगळं म्हणता, आम्ही धुळ्याकडचे बठ्ठं म्हणतो. पण काढ म्हणजे काय, ते तू लिहिलं नाहीस. फोटो काढतात तो ठेवायला. दात काढतात तो फेकायला. लिनक्स टाकताना पडदा विचारतो, जुनं ठेवून शेजारी टाकू, की डिस्क पुसून टाकू? मी दाताचा अर्थ घेतला आणि पुसून टाक म्हटलं. झालं ते एवढंच.

धनत्रयोदशीला लॅपटॉप घेऊन आलो. चिठ्ठी अजून झाकणावरच होती. तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, मग झाकण उघडलंस. नवा पडदा बघून "छान दिसतंय रे" म्हणालीस. ते चार सेकंद मी अजून जपून ठेवलेत. मग म्हणालीस,

"माझ्या बायका कुठायत?"

"कुठल्या बायका?"

"भूपेंद्र. चौसष्ट बायका. दीड वर्ष. कुठायत?"

प्रेमराज खुर्चीत बसून पोहे खात होता. तुझ्याच वर्गातला, आपल्या गाडीवरून तुला गावोगाव नेणारा प्रेमराज. त्याचा चमचा थांबला. "सी ड्राइव्हमधे बघ ना," म्हणाला. लिनक्सला सी ड्राइव्ह नसतो. मला तेवढं पुरलं. त्याला मी अडाणी म्हटलं. तुला म्हटलं, तूच लिहिलंस ना काढ म्हणून, एम.ए. मराठी करतेस तर आधी नीट मराठी लिहायला शीक. मग लॅपटॉप बॅगेसकट हिसकावून घेतला आणि दार असं आपटलं, की कडी निखळून पडली. ती जिन्यातून गडगडत गेली, मी उतरत होतो तरी माझ्या पुढे.

बोलीतल्या शब्दांवरचा तुझा प्रबंध एकतीस जानेवारीला द्यायचाय, मला माहीत आहे. त्या चौसष्ट म्हाताऱ्यांचे आवाज त्याच लॅपटॉपमधे होते, रेकॉर्डर तू दर वेळी रिकामा करायचीस, हेही माहीत आहे. लॅपटॉप माझ्याकडे आहे. जेवढं निघेल तेवढं काढणार आहे. या वेळी फोटोसारखं.

चूक माझी आहे. पण अर्धी त्या शब्दाची आहे, एवढं तरी मान.

भूपेंद्र


धुळे, १६ नोव्हेंबर

प्रज्ञा,

उत्तर नाही आलं. मीही दिलं नसतं.

अर्धी चूक शब्दाची, असं मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. म्हणजे घ्यायला लावलं. कॉलेज सोडल्यापासून ज्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतो ते चुडामणभाऊ परवा विचारायला लागले, हा लॅपटॉप महिनाभर इथं काय करतोय, कुणाचा आहे. मी त्यांना चिठ्ठीचा किस्सा सांगितला, फोटो, दात, सगळं. मला वाटलं हसतील. ते हातातलं काम खाली ठेवून म्हणाले,

"भूप्या, धा वरीसमा आपला दुकानमा कितला लोके उनात, भाऊ डेटा काढी द्या म्हनीसन?"

"लई."

"त्यामा एखादाना तरी पुसी टाका का आपन?"

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"ती पोर लिखनारी शे. तू तं दुकानवाला शे ना?"

आमच्या धंद्यात काढ म्हणजे आधी जपून बाजूला ठेव. दुसरा अर्थच नाही. लहान पोरालाही कळतं.

आणखी एक आहे. तेही सांगून टाकतो. डिस्क पुसली म्हणजे आतलं लगेच मरत नाही. कुठे काय ठेवलंय त्याची यादी जाते, सामान जागच्या जागी असतं, वरून दुसरं काही येऊन बसेपर्यंत. मी त्याच मिनिटाला लॅपटॉप बंद करून डिस्क बाहेर काढली असती, तर जवळजवळ सगळ्या बायका सापडल्या असत्या. हे मला आज कळलं असं नाही. अकरा तारखेलाही माहीत होतं.

पण झालं असं, की लिनक्स टाकून झालं, रीस्टार्ट केलं, आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली: नो बूटेबल डिव्हाइस. म्हणजे लॅपटॉपला चालू व्हायला काही सापडतच नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी परत टाकलं. परत तीच ओळ. लॅपटॉप चालू व्हायच्या दोन रीती असतात, जुनी आणि नवी. पेनड्राइव्ह मी जुन्या रीतीनं उघडत होतो आणि लॅपटॉप डिस्कवर नव्या रीतीचं शोधत होता. सेटिंगमधे एक ओळ बदलायची, दोन मिनिटांचं काम. दुकानात गिऱ्हाइकाचं असतं तर मी चहा पिता पिता केलं असतं. पण मी चिडलेलो होतो, आणि चिडलो की मला समोरचं वाचता येत नाही, तुला माहीत आहे. तिसऱ्यांदा टाकलं, मधेच काहीतरी भलतं बदलून. मग ग्रब रेस्क्यू आलं, म्हणजे चालू होता होता मधेच अडकल्याचा पडदा. तिथं काहीच नसतं, नुसता कर्सर लुकलुकत राहतो. घर चुकलेला म्हातारा माणूस दारात उभा राहून आपल्याकडे बघतो ना, तसा. चौथ्यांदा नीट लागलं.

प्रत्येक वेळी नव्या फायली तुझ्या कुठल्या ना कुठल्या म्हातारीच्या डोक्यावर जाऊन बसल्या. कशासाठी? तर झाकण उघडल्यावर लॅपटॉप झटकन चालू व्हावा आणि तू छान म्हणावंस. त्या चार सेकंदांसाठी.

आता डिस्कला हात लावत नाही. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवतो, डिस्कवर काही लिहू देत नाही, आणि एक प्रोग्रॅम आत फिरून सापडेल ते उचलून दुसरीकडे ठेवतो. नावं सगळी गेली. फायली निघतात त्या नुसत्या आकड्यांच्या. पहिली सापडली तेव्हा दुपार होती, दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती आणि स्पीकर मोठा होता. एकदम एक म्हातारी दुकानभर ओरडली, "हाई काय इचारस वं माय? लाज वाटस का नही तुले?"

सगळे हसले. भाऊ म्हणाले, "भूप्या, दुकान शे का तुन्ही सासुरवाडी?"

दुसरी म्हणाली, "आमना टाईमले नही व्हतं. ते टीव्हीमा ऱ्हास." आणि मग तिच्या मागे तू हसलीस. तुझं हसू सापडेल, हे मी धरलंच नव्हतं.

मग फाइल थोडी मागे नेऊन तू काय विचारलं होतंस ते ऐकलं. तुझा तो परीक्षेतला आवाज. "प्रश्न सातवा. प्रेम. आजी, तुमच्या बोलीत याला काय म्हणता?"

ते ऐकून मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. भाऊंना वाटलं मला तुझी आठवण आली. तसं नव्हतं. कसं होतं ते लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले.

भूपेंद्र


पाचोरा स्टेशन, ३० नोव्हेंबर

प्रज्ञा,

एक्केचाळीस पूर्ण सापडल्या. नऊ अर्ध्यावर तुटलेल्या आहेत, बोलता बोलता खरखर होऊन गप्प होतात. चौदा गेल्या.

त्या चौदा जणींकडे परत जायचं ठरवलंय, फोन घेऊन, मीच. पण त्या कोण आणि कुठल्या, हे तुझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत. म्हणून प्रेमराजला फोन केला. तीनदा केला आणि तीनदा एक रिंग वाजताच तोडला. चौथ्यांदा त्यानंच केला. "बोल की रे, सारखा काय खाकरतोस? पाचोऱ्याला ये रविवारी."

तो प्लॅटफॉर्मवर बाकावर बसला होता, मांडीवर वही. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"हात उचलायचा असेल तर आत्ताच उचल," म्हणाला. "माझी गाडी येतेय."

"नाही उचलायचा."

"तू मला अडाणी म्हणालास."

"हो."

"लिनक्सला सी ड्राइव्ह नसतो, ते मी नंतर वाचलं. म्हणजे तुझं बरोबर होतं. अडाणी तेवढं मागे घे."

मी घेतलं. त्यानं वही दिली. गावं, नावं, कुणाच्या घराशेजारी, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाची सून चिडते. सगळं त्याच्या अक्षरात. दीड वर्ष मी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर तुला बघत होतो. ही वही मी कधी बघितली नाही.

गाडीची घोषणा झाली तेव्हा त्यानं विचारलं, "चुकून झालं ना?"

"हो."

"मग काळी हार्डडिस्क? बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होती. नवी कोरी. डेटा काढून ठेवायलाच घेतली होती, आम्ही दोघं जाऊन आणली."

मी म्हटलं, "बघितली नाही."

त्यानं बॅग खांद्याला लावली. मग गाडीत चढला. दारातून म्हणाला, "वही परत पाहिजे मला."

मी त्याला खोटं सांगितलं, प्रज्ञा. तुला काय सांगू, ते या बाकावर बसून तासभर ठरवतोय. माझीही गाडी लागली.

भूपेंद्र


पारोळा बसस्टँड, १४ डिसेंबर

प्रज्ञा,

हे पेटीत टाकायचं धाडस होईल का, माहीत नाही. आधी लिहून तर काढतो.

चौदातल्या आठ जणींकडे जाऊन आलो. सहा बोलल्या. तुझ्यासारखं कुणी माझ्याशी बोलत नाही. एकीनं लाइटबिलवाला समजून मीटर दाखवला. एकीनं तासभर तिच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, ते मी तसंच ठेवलंय, तुला उपयोग असेल तर बघ.

आज ताईबाईंकडे गेलो होतो. त्या चौदातल्या नाहीत, नऊमधल्या आहेत, अर्ध्यावर तुटलेल्या. सातव्या प्रश्नाला सगळ्या जणी लाजतात किंवा शिव्या देतात. एकट्या ताईबाईंनी सरळ उत्तर द्यायला घेतलं होतं. "माया म्हन त्याले. जानारा जास, पन दार..." आणि खरखर. पुढं काही नाही. ते मी किती वेळा ऐकलं, त्याला हिशेब नाही. मला ते वाक्य पूर्ण करून पाहिजे होतं. तुझ्या प्रबंधासाठी असं मी स्वतःला सांगत होतो.

ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"अक्का, मांगे एक पोर उनी व्हती, प्रज्ञा."

"ती चष्मावाली? तिले मी कळण्यानी भाकर खावाडी व्हती. तू कोन तिना?"

"कोनी नही."

"मंग बस."

मी फोनवर त्यांचं ते अर्धं वाक्य ऐकवलं आणि विचारलं, पुढं काय म्हणाला होतात? त्यांनी आपलाच आवाज दुसऱ्याचा ऐकावा तसा ऐकला.

"माले काय याद ऱ्हाई! ती पोर मन्हापुढे बसेल व्हती, म्हनीसन तोंडे उनं. तुन्हापुढे तं माले फक्त चहा याद येस." मग म्हणाल्या, "तिनाजोडे नही का ते?"

"नही. मन्हा हातथून पुसायनं. बठ्ठं."

"चुकी गयं का मुद्दाम करं?"

शेंग सोलता सोलता विचारलं, वर न बघता. दोन महिने हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता. भाऊंनी धंद्याचं विचारलं, प्रेमराजनं चुकून ना असं विचारलं.

"मुद्दाम," मी म्हटलं.

"तिले सांगं का?"

"नही."

"मंग मन्हाजोडे काय रडस? मी काय तिनी माय शे?" आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "बसनाच शे तं सोल."

मी सोलल्या. मग त्यांनी चहा केला. वाक्य मिळालं नाही.

तर ऐक. ती पिवळी चिठ्ठी लॅपटॉपवर नव्हती. तू ती काळ्या हार्डडिस्कवर चिकटवली होतीस, वेष्टणावर, नीट मधोमध. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. यात बठ्ठं काढ, मंग टाक. मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. पुसून झाल्यावर सहा दिवसांनी, तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी, मी ती चिठ्ठी सोलून लॅपटॉपवर लावली. कडा हातानं दाबल्या. तू त्या दिवशी चिठ्ठीकडे बघून माझ्याकडे बघितलंस, तेव्हाच तुला समजलं असणार. तुझी चिठ्ठी, तूच लावलेली. तरी तू चारचौघांत बोलली नाहीस, आणि मी मात्र तुला मराठी शीक म्हटलं.

आणि पुसलं का, तर डेस्कटॉपवर एकच फोल्डर होतं. नाव प्रेम.

प्रेमराजला सगळे प्रेम म्हणतात. तूही म्हणतेस. मी ते नाव बघितलं आणि बॅगेतून काढलेली हार्डडिस्क परत बॅगेत ठेवली. फोल्डर उघडून बघायला दोन क्लिक लागले असते. राग, भूक, लाज अशा दुसरीकडे ठेवलेल्या फोल्डरांचंच ते भावंड निघालं असतं, सातव्या प्रश्नाच्या उत्तरांचं, आणि त्यात चौसष्ट म्हाताऱ्या. पण मी उघडलं नाही. उघडलं असतं तर राग गेला असता, आणि मला तो राग हवा होता. पुसून टाकू का विचारणाऱ्या त्या ओळीवर माझा हात थांबला होता. बराच वेळ थांबला होता. पडदा पुन्हा एकदा विचारतो, नक्की का, हे परत आणता येणार नाही. मी नक्की म्हटलं.

तुमच्या दोघांत काय आहे ते मला माहीत नाही. ते विचारायचा मला हक्क नाही, तेव्हाही नव्हता. तुला मी सरळ एकदाही विचारलं नाही. मनाशी ठरवून टाकलं, आणि मग तू त्या ठरवलेल्याप्रमाणे वागत नाहीस म्हणून चिडत राहिलो.

कॉलेजचंही सांगून टाकतो, आज सुटलोच आहे तर. कॅन्टीनमधे एका पोरानं तुझ्या जातीवरून काढलं आणि मी खुर्ची उचलली, ते खरं. पण त्यासाठी मला कुणी काढलं नव्हतं. एक माफीचा कागद लिहून द्यायचा होता. तू म्हणाली होतीस, लिहून टाक, परीक्षेला बस. मी कागद फाडला, प्राचार्यांच्या केबिनचं दार आपटलं आणि घरी आलो. नंतर दोन वर्षं तुला ऐकवत राहिलो, तुझ्यापायी शिक्षण सोडलं. तुझ्यापायी नाही सोडलं. मला तो कागद लिहायचा नव्हता.

पारोळ्याहून धुळ्याची गाडी अजून यायची आहे. हे पाकीट खिशात आहे.

भूपेंद्र


मेहरूण, तुमचं घर, ४ जानेवारी २०२६

प्रज्ञा,

तुझ्या टेबलावर बसून लिहितोय. पारोळ्याचं पत्र टाकलं नाही. तीन आठवडे खिशात होतं, पाकिटाचे कोपरे मऊ पडलेत. या कागदासोबत ठेवतो. आधी ते वाच.

दार काकूंनी उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभा. म्हणाल्या, "ये ना. जाताना एवढं जोरात दार लावणारा माणूस येताना लाजतो होय?"

मी आत आलो. तू सरांकडे गेलीस, पाचपर्यंत येशील म्हणाल्या. पत्रं पोचली का, विचारलं.

"पोचली. कपाटावर आहेत. पहिलं वाचून म्हणाली, खोटं आहे. दुसरं दोनदा वाचलं. तिसरं मला वाचून दाखवलं, त्या सी ड्राइव्हवर हसली." मग परात पुढ्यात ओढत म्हणाल्या, "चिठ्ठी कशावर लावली होती ते मला पण माहीत आहे रे. चिकटपट्टी मीच कापून दिली होती."

मी म्हटलं, "काकू, ते लिहिलंय. आणलंय."

"मला नको दाखवू. तिचं आहे."

मुदत वाढून मिळाली नाही, असं त्यांच्याकडून कळलं. वहीतल्या टिपणांवर आणि आठवणीवर लिहितेस, रोज चिडतेस, गुरुवारी रडलीस. गुरुवारी मी दुकानात कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करत होतो.

आता कामाचं. लॅपटॉप चालू होतो. सुरुवातीला काळा पडदा येईल, घाबरू नकोस, दहा सेकंद थांब, मग येतं. काळ्या हार्डडिस्कवर बठ्ठं काढून ठेवलंय: एक्केचाळीस पूर्ण, नऊ तुटलेल्या, आणि मी आणलेल्या आठ. परवा वहीतल्या उरलेल्या जणींकडे गेलो, त्यातल्या दोघी बोलल्या. राहिलेल्या सहांमधे दोघींना मी नको होतो, एक सुरतला मुलाकडे गेली, दोघींची घरं बंद होती, आणि एक आता बोलत नाही. ती अंथरुणावर आहे. तिच्या सुनेनं मला आत नेलं. ती माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज फक्त तुझ्या लॅपटॉपमधे होता. हे मी कसंही मांडलं तरी एवढंच राहतं.

फायलींना नावं दिली नाहीत. आकडेच आहेत. कोण कोणती, ते तुला आवाजावरून कळेल. प्रेमराजची वही बॅगेत पुढच्या कप्प्यात आहे, त्याला दे. हार्डडिस्कबद्दल त्याला मी खरं कळवलंय. त्यानं फक्त अंगठा पाठवला.

पावणेपाच झालेत. काकू म्हणतायत, थांब ना, येईलच ती, दोन पोळ्या खा. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की माझा हात थांबतो. दोनदा थांबला. एकदा खालची पोरं होती, एकदा कुणीच नव्हतं. बसलो तर तू येशील. चष्मा पुसशील. काकू समोर असतील, चहा असेल, आणि तुला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हणावं लागेल. बहुतेक जाऊ दे म्हणशील. ते मला पाहिजे, प्रज्ञा, इतकं पाहिजे की मी सकाळपासून धुळ्याहून इथपर्यंत तेच मनात घोकत आलो. म्हणून उठतो. तू काय म्हणायचं, कधी म्हणायचं, म्हणायचं की नाही, ते या वेळी मी ठरवत नाही.

ताईबाईंचं वाक्य तसंच तुटकं आहे. जानारा जास, पन दार. पुढचं फक्त तुला ठाऊक, तू समोर होतीस. मला सांगू नकोस, मी मागत नाही. मी माझा अंदाज करतो.

येताना बघितलं, दाराला नवी कडी बसवलीय. चार स्क्रू, त्यातले दोन तिरके, म्हणजे प्रेमराजनंच लावली असणार. पण दार नीट बसतं. जोर लागत नाही.

काकूंना सांगून निघतो. हे दोन्ही कागद लॅपटॉपखाली सरकवतो, बाहेर पडतो, आणि दार आवाज न करता ओढून घेतो.